पाटोदा ते जामखेड, सागाच्या फळीवर

मंगलबाई गर्जे माणसांचं वर्णन भूगोलाच्या भाषेत करायच्या. आमचे हेडमास्तर त्यांच्या लेखी पठार होते. "कुठूनबी बघा, सारखेच दिसतात." भांडायला आलेल्या पालकाबद्दल म्हणायच्या, "लई चढाचा माणूस हाय." आणि नववीतल्या एखाद्या पोराला पुन्हा पुन्हा सांगूनही कळलं नाही, की त्याच्या डोक्यावर हलकीशी टपली मारून अगदी शुद्ध भाषेत सांगायच्या, "बाळा, तुझ्या डोक्यात पर्जन्यछायेचा प्रदेश आहे." वर्गात शुद्ध, वर्गाचा उंबरा ओलांडला की पाटोद्याची बोली. आडनाव गर्जे, पण आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची पोरं आपोआप पुढं सरकून बसत.

त्या वारल्या त्याला आता वर्ष होत आलं. शाळेत अजून त्यांचा विषय निघतो, पण निघतो तो "त्या मशीनवाल्या बाई" असा. नवीन आलेल्या शिक्षकांना कुणीतरी हसत सांगतं की आमच्या एका भूगोलाच्या बाईंनी घरात लाकूड कोरायचं यंत्र बांधलं होतं, कॉम्प्युटरवर चालणारं. ऐकणारा विचारतो, कशाला? सांगणाऱ्याला ते माहीत नसतं. मला माहीत आहे, कारण मी त्यांच्याच घराच्या दुसऱ्या भागात भाड्यानं राहायचे. त्यांची बैठकीची खोली आणि माझं स्वयंपाकघर, मधे एक भिंत. मी हिंदी शिकवते. यंत्रातलं मला काही कळत नाही. पण भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या गोष्टी कळायला यंत्र कळावं लागत नाही.

घरात बाई आणि त्यांचे मोठे भाऊ, अण्णा. अण्णा आंधळे होते, पण जन्मापासून नाही. ते पाटोदा ते जामखेड काळीपिवळी जीप चालवायचे. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना. एका संध्याकाळी सौताड्याच्या घाटात, जीप माणसांनी भरलेली असताना, त्यांना रस्त्याची कडच दिसेनाशी झाली. त्यांनी जीप मधोमध उभी केली, किल्ली काढली आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात ठेवली. "तुला येती का चालवाया? मंग तू ने." आणि स्वतः मागं जाऊन बायकांच्या पिशव्यांमधे बसले. त्यानंतर त्यांनी स्टेरिंगला हात लावला नाही. बाई ही गोष्ट सांगायच्या आणि दरवेळी शेवटी म्हणायच्या, "एकबी माणूस मेलं न्हाई त्या दिवशी." वहिनी त्याआधीच वारल्या होत्या. अण्णांची मुलगी ज्योती अंबाजोगाईला एका दवाखान्यात नर्स होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दिवाळी झाली की आमचे वर्ग अर्धे होतात. आईबाप ऊसतोडीला निघतात, पोरंही त्यांच्या मागं जातात. मागं राहिलेल्या पोरांना घेऊन बाई शाळेच्या पाठीमागं मातीचा नकाशा करायच्या. आख्खा पाटोदा तालुका. बालाघाटाची रांग, मांजरा जिथं उगम पावते ती जागा, सौताड्याची दरी. मग पोरांना डोळे मिटायला लावून बोटांनी त्यावरून चालायला सांगायच्या. ज्याचं गाव ज्या दिशेला, तिकडं तो बोटानं जायचा. एक पोरगी नकाशाच्या कडेपर्यंत बोट नेऊन थांबली आणि म्हणाली, "बाई, आई याच्याबी पुढं गेली." बाईंनी तिथून पुढं अंगणभर मातीची रेघ ओढत नेली, पार कुंपणापर्यंत. "हितं हाय तुझी आई. कर्नाटकात."

एका वर्षी त्यांनी अण्णांना शाळेत आणलं. अण्णा उकिडवे बसले आणि पाटोद्यापासून जामखेडच्या रस्त्यानं बोट फिरवत निघाले. घाटापाशी ते थांबले.

"मंगल, हे तू मनानं केलंस."

"मंग कशानं करू?"

"घाट लागायच्या आधी रस्ता जरा वर उचलतो. तू उचललाच न्हाई. आन् दरी एवढी जवळ न्हाई. खरं पाहिजे गं. जितकं खाली हाय तितकंच खाली."

पोरांसमोर असं बोलल्यामुळं बाई काही दिवस घुश्शात होत्या. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. चहाचा कप जरा जोरात ठेवलेला, आणि अण्णांचा आवाज, "अगं, राग कावून धरती? चांगला झालता. फक्त खरा न्हवता."

मग एक दिवस त्या मोबाईल घेऊन माझ्याकडं आल्या. मोबाईल जवळजवळ नाकाला लावून बघायची त्यांची सवय होती, मला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला असेल. एका व्हिडिओत एक यंत्र लाकडाच्या फळीवर मागंपुढं फिरत होतं, आणि त्याच्या खालून हळूहळू डोंगर वर येत होते.

"कुणा एका माणसानं घरी बांधलंय," त्या म्हणाल्या. "तीन मोटारी. एक डावीउजवीकडं नेती, एक मागंपुढं, एक वरखाली. आन् उपग्रहानं मोजलेली जमिनीची उंची फुकट मिळती. ती उंची ह्या यंत्राला सांगायची. ते मनानं काय करणार न्हाई. त्याला मनच न्हाई."

मी म्हटलं, पुण्याला असं कोरून मिळत असेल की. एक फळी करून आणा. यंत्र कशाला बांधायचं?

"एक मिळंल," त्या म्हणाल्या. "मला पुढं लई लागणार हायत."

मग त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. म्हणजे माझ्या चेहऱ्याचा एकेक तुकडा पाहिला, आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी. "तू मला आता नळीतून बघितल्यासारखी दिसती, शोभा. अण्णाचं जे झालं तेच हाय. घराण्यातच हाय. डॉक्टर म्हणले, नळी बारीक होत जाईल."

मी पदर डोळ्यांना लावला. त्याच मला म्हणाल्या, "रडू नगं. लई कामं पडलीत. बांधायला डोळे लागतात. चालवायला न्हाई लागत, तसं मी बघितलंय. म्हणून आधी बांधून घ्यायचं."

त्यानंतर कित्येक महिने त्या घरात यंत्र नव्हतं, फक्त यंत्राची तयारी होती. बाई कशातही घाई करत नसत. सगळेजण आधी मशीन आणतात आणि मग काय कापू म्हणून घरभर हिंडतात, असं त्यांचं मत होतं. "आधी काय कापायचंय ते ठरवायचं. त्यावरून फळी ठरती. फळीवरून यंत्र ठरतं." काय कापायचं हे ठरलेलंच होतं: पाटोदा ते जामखेड, दोन्ही बाजूच्या डोंगरांसकट. त्या मापाची फळी, आणि तेवढ्या फळीवर फिरेल एवढी चौकट. बैठकीच्या खोलीत फरशीवर त्यांनी खडूनं आख्खं यंत्र काढलं, खऱ्या मापाचं. मोटार कुठं बसणार, वायर कुठून जाणार, फळी कुठून आत सरकवायची. खडूच्या रेघांवर सुतळी चिकटवली, म्हणजे अण्णांच्या पायाला कळावं. कोणी पाहुणा आला की अण्णा ओरडायचे, "कडंनं या, मशीनवर पाय देऊ नका." पाहुणा रिकाम्या फरशीकडं बघत भिंतीला चिकटून चालायचा.

एक दिवस बाईंना कळलं की खऱ्या प्रमाणात कोरलं तर सगळा बालाघाट फळीवर जेमतेम नखाएवढा उंच होईल. बोटाला लागणारच नाही. उंची पटीत वाढवावी लागणार. हे अण्णांना सांगणं अवघड होतं.

"मंग खोटं झालं की," अण्णा म्हणाले.

"किती खोटं चालंल, ते तू सांग."

अण्णांनी दोन्ही हात हवेत स्टेरिंग धरल्यासारखे धरले. "स्टेरिंगला घाट जेवढा लागायचा, तेवढा ठेव."

आता राहिलं सॉफ्टवेअर. त्यासाठी बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे जाधव सर घरी यायचे. उत्साही माणूस. येताना पेनड्राइव्ह भरून आणायचे. बाईंनी मला समजावून सांगितलं होतं की यात तीन कामं असतात. एका सॉफ्टवेअरनं चित्र काढायचं, दुसऱ्यानं त्या चित्रावरून कोरणारं पातं कुठून कुठं जाईल ती वाट ठरवायची, आणि तिसऱ्यानं ती वाट एकेक ओळ करून यंत्राला सांगायची. जाधव सरांनी तिन्ही कामं एकदम करणारं एक मोठं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून दिलं. पडद्यावर रंगीत डोंगर गोल गोल फिरायला लागले. मलासुद्धा भारी वाटलं.

"सगळे हेच वापरतात, मॅडम," जाधव सर म्हणाले.

बाईंनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पांघरला.

"अहो, टॉवेल कशाला?"

"डोळे गेल्यावर कसं चालतंय ते बघते."

जाधव सरांना तोपर्यंत माहीत नव्हतं. ते माझ्याकडं बघायला लागले. मी खाली पाहिलं. बाईंनी पडदा वाचून दाखवणारा आवाज चालू केला आणि कीबोर्डवर बोट ठेवून एकेक पाऊल पुढं जायला लागल्या. लॅपटॉपमधली बाई मराठीत बोलायला लागली.

"बटन. बटन. बटन. चित्र. बटन."

"कसलं बटन हाय ते सांगतच न्हाई," अण्णा खाटेवरून म्हणाले.

"कारण त्याच्यावर नाव न्हाई, चित्र हाय," बाई म्हणाल्या. "डोळेवाल्यांसाठी केलंय."

असं त्यांनी एकेक सॉफ्टवेअर तपासलं. फुकटचं, विकतचं, चोरून घातलेलं. सगळी टॉवेलखाली. कुठं बटनंच बटनं, कुठं नुसती शांतता. व्हिडिओमधले लोक ज्यांचं कौतुक करत होते, ती सगळी एकेक करून बाद झाली. जाधव सर आता काही सुचवताना आधी स्वतः डोळे मिटून बघायला लागले होते.

शेवटी बाईंना कळलं की चित्र, रंग, फिरणारे डोंगर ह्या सगळ्याच्या खाली जे असतं, ती साधी ओळींची फाईल असते. इतकं उजवीकडं जा, इतकं पुढं जा, इतकं खाली उतर. अक्षरं आणि आकडे, दुसरं काही नाही. आणि अक्षरं वाचून दाखवता येतात. मग त्यांनी ठरवलं की चित्राचं सॉफ्टवेअर घ्यायचंच नाही. जमिनीच्या उंचीचे आकडे घ्यायचे आणि त्यांच्या ओळी करणारा छोटासा प्रोग्रॅम स्वतः लिहायचा. ओळी यंत्राला पाठवायला एक अगदी साधं सॉफ्टवेअर सापडलं, दिसायला कळकट, पण सगळं कीबोर्डवर चालणारं आणि प्रत्येक गोष्ट नावानं सांगणारं. प्रोग्रॅम लिहायला त्यांना फार दिवस लागले. जाधव सरांना त्यांनी सळो की पळो करून सोडलं. पण झाला.

त्या दुपारचा प्रसंग मी विसरणार नाही. रविवार होता. बाई भाकरी करत होत्या आणि लॅपटॉप त्यांची फाईल वाचत होता. मी पीठ मागायला गेले होते. खाटेवर अण्णा पडलेले, गोधडीवर त्यांचं बोट चालत होतं. बाईंनी त्यांना शिकवलं होतं, एक्स म्हणजे रस्त्यानं पुढं, झेड म्हणजे खाली. लॅपटॉप आकडे सांगत होता आणि बोट सरकत होतं. आकडे बराच वेळ सारखेच येत होते. मग जरासे चढले. अण्णांचं बोट उचललं गेलं. मग आकडे एकदम उतरायला लागले, प्रत्येक ओळीला खाली, आणखी खाली.

अण्णा उठून बसले.

"सौताडा आलं. मंगल, सौताडा आलं बग!"

बाईंनी तव्यावरची भाकरी तशीच सोडली आणि लॅपटॉपशी आल्या. ओळ थांबवून तपासली. "व्हय रे. दरीच हाय."

"आधी उचललाय का रस्ता?"

"उचललाय."

"आता खरं झालं," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. भाकरी करपल्याचा वास सुटला होता, पण बाई जागेवरून हलल्या नाहीत.

मग यंत्र उभं राहिलं. ॲल्युमिनियमचे दांडे पार्सलनं आले, पट्ट्या गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून कापून आणल्या. चौकट काटकोनात आहे की नाही हे बघायला अण्णांनी एक दोरी एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, बोटानं जागा धरून ठेवली, मग तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांवर लावली. दोरी दोन्हीकडं सारखी भरली की चौकट सरळ. भरेपर्यंत बाई स्क्रू ढिले करत आणि आवळत राहिल्या. पात्याच्या जागी पेन बांधून पहिल्यांदा यंत्राला कागदावर गोल काढायला लावला, तेव्हा बाईंनी कागद हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवला आणि माझ्यापुढं धरला.

"मला एकदम सगळा दिसत न्हाई. गोल हाय का, शोभा?"

अंड्यासारखा होता. मी तसं सांगितलं. त्या हसल्या. "बरं झालं खरं बोलली." कुठलासा पट्टा ढिला होता. तो आवळला आणि पुढचा गोल चांगला आला. पण आता स्क्रूच्या डोक्यात पेचकस बसवायला त्यांना वेळ लागायला लागला होता. शाळेत त्या दरवाजाच्या चौकटीला धडकायच्या. हजेरीपट मी भरायला लागले होते. आयुष्यात कधी घाई न केलेल्या बाईंना त्या दिवसांत मी पहिल्यांदा घाईत पाहिलं.

सागाची फळी बसवली. ज्योतीलाही कळवलं होतं, ती सुट्टी काढून येणार होती. पण बाईंना तेवढं थांबवेना. आदल्या दिवशी शाळेतून आल्या आल्या त्यांनी यंत्र चालू केलं, आणि वेळ वाचावा म्हणून पात्याला एका दमात जास्त खोल उतरायला सांगितलं. थोडा वेळ बरं चाललं. मग एक कडक आवाज झाला आणि नुसती मोटार फिरत राहिली. पातं मोडलं होतं. तसलं बारीक गोल टोकाचं पातं बीडलाही मिळत नव्हतं, पुन्हा मागवावं लागणार होतं.

बाई जमिनीवर बसल्या. "माझ्या हातानं मोडलं मी."

"मोडलं तर मोडलं," अण्णा म्हणाले. "एवढे दिवस थांबलो. आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

ते पार्सल यायच्या आत अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाईंनी त्यांचा हात हातात धरला होता. अण्णांची बोटं सरळ करून त्या पुन्हा पुन्हा चोळत होत्या, ती गार पडू नयेत म्हणून.

दहाव्याच्या दिवशी अंगणात माणसं बसलेली होती. बायका रडत होत्या. पार्सलवाला गाडी लावून आत आला आणि गर्जे मॅडम कोण, असं विचारायला लागला. त्याला ओटीपी हवा होता. बाईंनी मोबाईल काढला. आता त्यांना पडदा वाचता येत नव्हता, म्हणून मोबाईल वाचून दाखवायचा. सगळ्या माणसांमधे तो मोठ्या आवाजात आकडे सांगायला लागला. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. पार्सलवाल्यानं आकडे टिपून घेतले, एक चिमुकला डबा बाईंच्या हातात दिला आणि पायांचा आवाज न करता निघून गेला. बाईंनी डबा उघडला नाही. तो पदराखाली धरून त्या दिवसभर बसून होत्या.

मग यंत्रावर जुनं लुगडं पडलं. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना. बाई शाळेत यायच्या, शिकवायच्या, पण माणसांचा भूगोल करणं बंद झालं. पुढची दिवाळी झाली तरी मातीचा नकाशा केला नाही. उजेड-अंधार तेवढा कळत होता. त्यांनी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिला. ज्योतीनं त्यांना अंबाजोगाईला न्यायचं ठरवलं.

जायच्या थोडे दिवस आधी, एका दुपारी, माझ्या स्वयंपाकघराची भिंत थरथरायला लागली. मी धावत गेले. यंत्र चालू होतं. खोलीभर सागाचा भुसा उडत होता. बाई यंत्राकडं पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या आणि एक हात मागं चौकटीवर ठेवला होता. आवाज आणि थरथर, तेवढ्यावर त्यांचं लक्ष होतं. मी बोलायला गेले तर त्यांनी बोट वर केलं. मी दारातच बसले. पातं फळीवर मागंपुढं जात राहिलं, न घाबरता, न घाई करता, जसं त्यांनी सुरुवातीला ठरवलं होतं तसं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ते थांबलं.

बाईंनी ब्रशनं भुसा झाडला. मग हात ठेवला. पाटोद्यापासून निघाल्या. मला रस्ता दिसत होता, बारीक खाच होती. बोट जरासं वर चढलं आणि दरीच्या काठावर थांबलं. तिथून ते पुढं गेलं नाही.

"मनाला सांगत होते, ही पहिली फळी अण्णासाठी करतीय," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू की मला उठून जवळ जावं लागलं. "खरं ते न्हवतं, शोभा. तो माझ्याआधी गेलता अंधारात. मला वाटायचं, ह्याच्यावर आधी त्यानं हात ठेवावा आन् मला सांगावं, एवढं पुरतं. हातानं भागतं. भ्यायचं कारण न्हाई. त्यानं म्हणलं असतं तर मी मानलं असतं. दुसऱ्या कुणाचं मी कसं मानू?"

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मला दिसत होतं.

ज्योतीचं घर अंबाजोगाईत वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. यंत्र उकलून, पोत्यात भरून टेम्पोतून तिकडं गेलं आणि पोत्यातच राहिलं. एकदा जोडायचा प्रयत्न केला तर खालचे लोक आवाजाची तक्रार घेऊन आले. मी भेटायला गेले तेव्हा पोती पलंगाखाली होती. बाई बारीक झाल्या होत्या, पण बोलत होत्या. आता एक लहान यंत्र करायचा विचार आहे म्हणाल्या, पाटाएवढं, कमी आवाजाचं, खाली रबर लावलेलं. कुठली मोटार, कुठलं सॉफ्टवेअर, ते सगळं तोंडपाठ सांगितलं. ज्योती त्यांच्या मागं उभी राहून माझ्याकडं बघत नकाराची मान हलवत होती. डॉक्टरांनी बाईंच्या हृदयाबद्दल काय सांगितलं होतं, ते तिनं मला वर येतानाच जिन्यात सांगितलं होतं.

मी निघाले तेव्हा बाई ऐकेनात. भिंतीला हात लावत जिना उतरल्या आणि फाटकापर्यंत आल्या. माझे दोन्ही गाल चाचपले. "वाळलीस गं," म्हणाल्या. मी रिक्षात बसले. तिथून रस्ता खाली जात होता, म्हणून रिक्षावाल्यानं इंजिन चालूच केलं नाही, रिक्षा तशीच सोडून दिली. आम्ही आवाज न करता निघालो. त्याच वेळी फाटकासमोरून दुसरी एक रिक्षा फटफट करत वरच्या बाजूला गेली. बाईंनी त्या आवाजाकडं तोंड वळवलं आणि हात वर केला.

मी मागच्या बाजूनं वाकून बघत होते. मी हाक मारू शकले असते. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मी मारली नाही. ती रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली, आवाजही विरला. बाई अजून रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून हात हलवत होत्या.